रात्रीच्या कॉफीच्या मगापासून उलट दिशेने: हॉस्टेलमधला एक विद्यार्थी, ३७० मिलिग्रॅम कॅफीन आणि ते सोडण्याचे दोन प्रयत्न

पुण्यातलं इंजिनीअरिंग कॉलेज, तिसरं वर्ष, मेकॅनिकल. वय वीस, हॉस्टेलमध्ये तिघांची खोली, घर सांगलीकडे. तक्रारी तीनच. अंथरुणाला पाठ टेकल्यावर तास-दीड तास झोप येत नाही, सकाळी डोकं दगडासारखं जड असतं आणि दुपारच्या लेक्चरला मान कलंडते. तिन्हींवर त्याच्याकडे औषध एकच होतं, आणखी एक चहा.

हा विद्यार्थी म्हणजे कुणी एक मुलगा नव्हे. हॉस्टेलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या सवयी, चुका आणि तोडगे एका माणसात बसवून हे प्रकरण मांडलंय. त्याचं वेळापत्रक नमुन्यादाखल आहे. कॅफीनचं वागणं आणि प्रमाणं मात्र खरी आहेत, ती कुणालाही आपापल्या कपाला लावून बघता येतील.

मोजदाद

"दिवसाला किती चहा होतात?" याचं उत्तर कॉलेजात नेहमी "तीन-चार" असंच येतं. लिहून काढलं की आकडा बदलतो. त्याने सात दिवस वहीच्या शेवटच्या पानावर वेळ आणि पेय एवढंच लिहिलं, तेही पिण्याआधी. नंतर लिहू म्हटलं की मित्राने पुढे केलेला ग्लास हमखास नोंदीतून निसटतो. एका साध्या दिवसाचं पान असं होतं:

सकाळी ८, मेसचा चहा, एक कप: ४० मिग्रॅ
सकाळी ११, टपरी, दोन कटिंग: ६० मिग्रॅ
दुपारी ३.३०, प्रॅक्टिकलच्या मधल्या सुट्टीत एक कटिंग: ३० मिग्रॅ
संध्याकाळी ६.३०, अमृततुल्य, फुल: ४५ मिग्रॅ
रात्री १०.३०, इन्स्टंट कॉफी, शीग लावून दोन चमचे: १२० मिग्रॅ
रात्री १, एनर्जी ड्रिंक, २५० मिलीची बाटली: ७५ मिग्रॅ

बेरीज ३७०. हे आकडे कुठून आले ते सांगायला हवं, कारण टपरीवरच्या ग्लासावर लेबल नसतं. शुद्ध इन्स्टंट कॉफीत वजनाच्या साधारण ३ टक्के कॅफीन असतं. शीग लावलेला चमचा म्हणजे २ ग्रॅमच्या आसपास, म्हणून चमच्यामागे ६० मिग्रॅ. एनर्जी ड्रिंकचं सोपं आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिग्रॅ कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीत जास्तीत जास्त ७५. चहाचं मात्र अंदाजानेच धरावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत एका कप चहात ३० ते ६५ मिग्रॅ कॅफीन धरलंय. मेसचा चहा पाणचट, म्हणून ४०. कटिंग कपाच्या जेमतेम निम्मं, पण पावडर भरपूर आणि उकळ दांडगी, म्हणून ३०.

टपरीच्या चहाचा नेमका आकडा काढायच्या भानगडीत पडू नये. एकाच भांड्यात जुन्या चोथ्यावर नवी पावडर पडत असते, त्यामुळे सकाळी सातचा ग्लास आणि दुपारी चारचा ग्लास सारखा नसतो. ग्लास मोजावेत, बस. रंगावरूनही काही ठरवू नये. चहा काळाकुट्ट आणि तुरट होतो तो टॅनिनमुळे, आणि दूध वाढवल्याने रंग उतरतो पण कॅफीन आहे तेवढंच राहतं. चहाची पावडर अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून ते पाणी फेकलं की बहुतेक कॅफीन जातं, असंही सांगितलं जातं. तेवढ्या वेळात थोडाच भाग उतरतो, जातो तो मुख्यतः स्वाद.

आता ३७० जास्त की कमी? युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत चालेल म्हटलं. पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत मर्यादा ३०० ची आहे. म्हणजे हा मुलगा युरोपात पास आणि हैदराबादेत नापास. पण बेरजेत अडकलं तर खरी गोष्ट निसटते. ३७० पैकी १९५ मिग्रॅ, निम्म्याहून जास्त, रात्री साडेदहानंतर पोटात जात होतं.

कॅफीनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं निम्मं कॅफीन संपायला लागणारा वेळ, सरासरी पाच तास असतं. माणसामाणसांत ते तीन ते सात तास असं हलतं. पाच धरून हिशेब करू. तो झोपायचा साडेतीनला. साडेदहाच्या १२० पैकी तेव्हा ६० शिल्लक. एकच्या ७५ पैकी ५० हून थोडं जास्त. संध्याकाळच्या फुल चहाचे बारा-तेरा. एकूण सव्वाशेच्या घरात. म्हणजे हा मुलगा एकेक चमचा घातलेले इन्स्टंट कॉफीचे दोन मग पिऊन झाल्यासारखा अंथरुणावर पडत होता, आणि झोप येत नाही म्हणून मोबाइल उघडत होता. २०१३ च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिग्रॅ कॅफीननेसुद्धा एक तासाहून जास्त झोप खाल्ली होती. इथे तर अडीच तासांचीच उसंत होती.

सकाळचं जड डोकं कशाचं होतं तेही इथेच कळतं. जागं असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, बसतं आणि पेंग येते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप पोचत नाही. रोज जागा अडवल्या की मेंदू ग्राही वाढवतो. मग कॅफीन उतरलं की वाढलेल्या सगळ्या जागांवर ॲडिनोसिन एकदम बसतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. सकाळी आठचा चहा त्याला ताजंतवानं करत होता असं नाही. रात्रभरात चढलेली उधारी तो चहा फेडत होता.

पहिला प्रयत्न: रविवारी बंद

सप्टेंबरअखेरीच्या एका रविवारी रात्री दहाला शेवटची कॉफी प्यायली आणि "उद्यापासून शून्य" ठरलं. इन-सेमचा, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचा, पहिला पेपर बुधवारी होता. परीक्षेआधी स्वच्छ व्हायचं, असा हिशेब.

सोमवार सकाळ बरी गेली. दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे पंधरा तासांनी, कपाळामागे दाब सुरू झाला. मंगळवारी सकाळी अंग मोडून आल्यासारखं, मळमळ, जांभयांवर जांभया. थर्मोडायनॅमिक्सचं एकच पान तीनदा वाचून झालं. दुपारी चारला डोकं इतकं ठणकत होतं की त्याने पडदे ओढले. रूम पार्टनरने मेडिकलमधून गोळी आणून दिली. पाऊण तासात डोकं उतरलं. निष्कर्ष निघाला: "ॲसिडिटी असेल." बुधवारी पेपरच्या आधी दोन कटिंग झाल्या, अर्ध्या तासात मेंदू चालू झाला, आणि दुसरा निष्कर्ष निघाला: "आपल्याला चहाशिवाय जमत नाही."

दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते, पण चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. कॅफीन एकदम तोडलं की त्रास १२ ते २४ तासांत सुरू होतो, साधारण २० ते ५० तासांच्या दरम्यान कळस गाठतो आणि दोन ते नऊ दिवस टिकतो. रविवारी रात्री दहापासून मोजलं तर कळसाची वेळ सोमवार संध्याकाळ ते मंगळवार मध्यरात्र. त्याने आपला सगळ्यात वाईट सव्वा दिवस बरोबर पेपरच्या आदल्या दिवशी नेऊन ठेवला होता. डोकं दुखणं, पेंग, चिडचिड, लक्ष न लागणं, मळमळ आणि अंगदुखी ही यादी अमेरिकेच्या मनोविकार निदानसूचीत २०१३ पासून "कॅफीन विथड्रॉवल" म्हणून नोंदलेली आहे. त्यात ॲसिडिटीचा संबंध नाही.

आणि ती गोळी. डोकेदुखीच्या आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीनच असतं. सॅरिडॉनचं पाकीट उलटून वाचलं तर पॅरासिटामॉल २५०, प्रोपिफेनाझोन १५० आणि कॅफीन ५० मिग्रॅ असं दिसतं. मायग्रेनच्या काही गोळ्यांत १०० मिग्रॅपर्यंत असतं, सर्दीच्या काही गोळ्यांतही थोडं असतं. त्याचं डोकं उतरलं ते मुख्यतः त्या ५० मिलिग्रॅममुळे, म्हणजे पावणेदोन कटिंग गोळीच्या रूपाने घेतल्यामुळे. उपवास सुटला होता आणि उपवास करणाऱ्याला पत्ताही नव्हता. म्हणून कॅफीन सोडताना गोळी घ्यायचीच झाली तर साधी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची घ्यावी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवावं, दिवसाला तीनच्या वर जाऊ नये आणि दोन दिवसांच्या पुढे लांबवू नये. जेवल्यावर, पाण्यासोबत. पाकीट घेतानाच मागची बाजू वाचावी.

तारीख आधी, डोस नंतर

दुसऱ्या प्रयत्नात पहिलं काम कॅलेंडर उघडायचं होतं. सेमिस्टरमध्ये कॅफीन सोडायला योग्य खिडकी एकच असते: इन-सेम संपल्यापासून सबमिशनची धांदल सुरू होईपर्यंत. एंड-सेमच्या, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या, पहिल्या पेपरपर्यंत शून्यावर येऊन किमान दहा दिवस झालेले असावेत, कारण शेवटच्या पायरीचा त्रास नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. तेवढी जागा नसेल तर त्या सेमिस्टरला फक्त रात्रीचं कॅफीन काढावं आणि बाकीचं सुट्टीवर ढकलावं. अर्धवट का होईना, ते काम टिकतं.

मग क्रम. इथे बहुतेक जण उलटं करतात. सकाळचा पहिला चहा सोडतात, कारण रिकाम्या पोटी चहा वाईट असं घरून ऐकलेलं असतं. रात्रीचा मग मात्र तसाच राहतो, "अभ्यासासाठी". यापेक्षा वाईट क्रम सापडणार नाही. झोप बिघडवणारा कप शाबूत, आणि बिघडलेल्या झोपेवर पांघरूण घालणारा कप गायब. काढायचं ते रात्रीपासून सकाळकडे, आणि दर वेळी आदल्या पायरीच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून फार जास्त नाही.

पाच दिवसांची पहिली पायरी. एनर्जी ड्रिंक बंद. रात्रीच्या कॉफीचे दोन चमचे फोडले: एक सकाळी मेसच्या चहाबरोबर, एक रात्री नऊला. बेरीज ३७० वरून २९५. कॅफीन फारसं कमी झालं नाही, घड्याळात मागे सरकलं. याच पायरीत बरंच काही मिळतं आणि त्रास जवळजवळ नसतो, म्हणून घाईने ती गाळू नये.

पुढचे पाच दिवस रात्री नऊची कॉफी बंद: २३५. त्यानंतर सहा दिवस अमृततुल्य बंद: १९०. आता दुपारी साडेतीननंतर काहीच नाही. अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ तो वहीत लिहीत होता. दीड तासाचा पंचवीस मिनिटांवर आला तो इथे, शून्यावर पोचण्याच्या चार आठवडे आधी.

चौथी पायरी जरा नाजूक होती. सकाळच्या कॉफीचं वजन कमी करायचं, पण हॉस्टेलात काटा नाही आणि "थोडा कमी चमचा" रोज थोडा वाढतो. तोडगा दुकानातच असतो. इन्स्टंट कॉफीच्या काही बरण्यांवर ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी असं लिहिलेलं असतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नाही. चमचा तोच, कडवटपणा तोच, कॅफीन जवळपास एक तृतीयांश कमी. शिवाय अकराच्या दोन कटिंगांची एक झाली. टपरीवर हे करायला वन बाय टू हा शब्द फार कामाचा. न घेणाऱ्याकडे चार माणसं बघतात, वाटून घेणाऱ्याकडे कुणी बघत नाही. पाच दिवसांत १४०.

नंतर चार-चार दिवसांच्या पायऱ्या: सकाळची कॉफी बंद, १००. साडेतीनची कटिंग बंद, ७०. अकराची बंद, ४०. शेवटी तीन दिवस मेसचा अर्धा कप, मग शून्य. टक्केवारीत या शेवटच्या उड्या मोठ्या दिसतात, पण प्रत्येक उडी वीस ते चाळीस मिलिग्रॅमचीच आहे. तरीही १०० च्या खाली उतरताना डोकं एक-दोन दिवस भरून येतं, कारण रोज १०० मिग्रॅ घेणाऱ्यालासुद्धा सोडताना त्रास होऊ शकतो. कागदावर हा ३६ दिवसांचा रस्ता होता. प्रत्यक्षात ४३ लागले.

कॅफीनच्या पाठीमागे काय होतं

पहिल्या पायरीच्या तिसऱ्याच दिवशी एक अडचण उघडी पडली. एनर्जी ड्रिंक नव्हतं, रात्री एकला डोळे मिटत होते, आणि अभ्यास तर एकनंतरच व्हायचा. का? मेस नऊला सुटते, साडेनऊपासून खोलीत पाच-सहा जण, कुणाचा गेम, कुणाचा फोन, शांतता होते ती एकला. तोपर्यंत जागं राहण्यासाठी कॉफी आणि त्यानंतर अभ्यास करण्यासाठी बाटली. त्याचा आजार खोलीच्या गोंगाटाचा होता आणि उपचार तो कॅफीनचा करत होता.

हे न बदलता डोस कमी केला असता तर दुसऱ्या आठवड्यातच डाव मोडला असता. अभ्यासाची जागाच हलवली. रात्री नऊ ते साडेअकरा कॉलेजच्या अभ्यासिकेत, बाराला झोप, सकाळी सहाला पुन्हा दीड तास अभ्यासिका. पहिले चार-पाच दिवस सकाळचा दीड तास जवळजवळ वाया गेला. त्या वेळेत वाचन ठेवण्याऐवजी ड्रॉइंग आणि सोडवलेली गणितं पुन्हा उतरवणं असलं हाताचं काम ठेवलं, म्हणजे निदान झोप उडते. वाचन नंतर आलं.

दुसरी गोष्ट साखरेची. एका कटिंगमध्ये दीड चमचा साखर सहज असते. चार टपरीचे चहा आणि एक गोड बाटली मिळून दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम साखर जात होती, आणि अकराच्या चहासोबतचा क्रीमरोल हाच बऱ्याचदा नाश्ता असायचा. चहा गेला तसा तोही गेला. मग सकाळी साडेअकराला हातपाय गळाल्यासारखे वाटायचे आणि दोष कॅफीनवर यायचा. कसली विथड्रॉवल, सरळ भूक होती ती. आठ वाजता मेसमध्ये पोहे किंवा उपमा पोटभर, अकराला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळं, एवढ्याने ते थांबलं. कॅफीन सोडल्यावर पाचव्या दिवशीही अशक्तपणा वाटत असेल तर आधी सकाळी काय खाल्लं ते बघावं.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, पण चहा सोडण्याचे कितीतरी संकल्प तिथेच फसतात: सकाळी पोट साफ होणं. गरम, गोड, कॅफीनयुक्त पेय रिकाम्या पोटी गेलं की आतडी हलतात, आणि वर्षानुवर्षं त्याच इशाऱ्याची सवय झालेली असते. चहा गेला की दोन-तीन दिवस कोंडतं, आणि मग "मला चहा लागतोच" असं ठरतं. यातलं बरंचसं काम गरम पाणी आणि खाणं हेही करतात. उठल्या उठल्या ग्लासभर कोमट पाणी, वीस मिनिटांनी नाश्ता, आणि रात्रीच्या जेवणात काकडी-गाजर किंवा एक पेरू. आठवड्याभरात शरीर नवी वेळ धरतं.

हातात काय धरायचं

टपरी सोडायची नव्हती, चहा सोडायचा होता. मधल्या सुट्टीत सगळे तिथेच असतात, सबमिशनच्या फाइली तिथेच हातोहात फिरतात. रिकाम्या हाताने उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी ग्लास टेकवतोच. म्हणून काहीतरी आधीच धरलेलं बरं. गवती चहा आणि आलं टाकून उकळलेलं पाणी बाटलीत न्यावं, किंवा टपरीवाल्या काकांना साधं गरम दूध मागावं. अमृततुल्यमध्ये ते सहसा मिळतं. ताक, लिंबू सरबत, कोकम सरबतही चालतं.

फसवी नावं मात्र ओळखावीत. लेमन टी हा बिनदुधाचा चहाच आहे. ग्रीन टीमध्येही कपाला पंचवीस-तीस मिग्रॅ कॅफीन असतं. कोलाच्या २५० मिलीत साधारण २५. जिमला जाणाऱ्यांच्या प्री-वर्कआउट पावडरीच्या एका स्कूपमध्ये दीडशे ते तीनशे असू शकतं, म्हणजे अख्ख्या दिवसाचा कोटा संध्याकाळी सहाला एका घोटात. डिकॅफ कॉफीत कपाला दोन ते पाच मिग्रॅ उरतं, ते सोडून द्यावं. गवती चहात मात्र नावाला चहा असला तरी कॅफीन नाही.

पेंग आली तर काय? दुपारी एक ते तीनच्या दरम्यान वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलं की उठल्यावर जास्त सुस्ती येते आणि रात्रीच्या झोपेचा वाटाही जातो. डुलकीला जागा नसेल तर उन्हात दहा मिनिटं भरभर चालणं. तोंडावर पाणी मारण्याचा परिणाम दोन मिनिटं टिकतो, पण त्या दोन मिनिटांत माणूस टपरी ओलांडून पुढे जाऊ शकतो, तेही काही कमी नाही.

दिवाळी

चोविसाव्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा १०० मिग्रॅवर होता. स्वयंपाकघरात सकाळी पाचपासून चहाचं आधण, आणि फराळाला गेलं की प्रत्येक घरी चिवड्याच्या बशीमागून कप येतो.

"आत्या, मला नको. चहा सोडतोय मी."
"सोडतोस म्हणजे? बरं नाहीये का तुला? अर्धा कप घे रे, दूधच जास्त घातलंय."

दूध जास्त घातलं तरी अर्ध्या कपातून कॅफीन जातंच. चार दिवसांत त्याचा आकडा पुन्हा १७० च्या आसपास गेला. हॉस्टेलात परतल्यावर पहिला विचार आला की सगळं मुसळ केरात. तसं काही नसतं. त्या चार दिवसांचा रतीब फार तर दोन पायऱ्या मागे नेतो. तो १४० वर तीन दिवस थांबला, मग १००, मग ठरलेल्या वाटेने. हिशेबात सात दिवस वाढले, एवढंच. उलट "आता घसरलोच आहोत तर पाडव्यापर्यंत पिऊ" असं केलं असतं तर महिना गेला असता.

नातेवाइकांकडे नकाराची कारणं देऊ नयेत. कारण दिलं की त्यावर चर्चा होते आणि चर्चेत चहा जिंकतो. "ताक आहे का?" असं विचारलं की आत्या चहाचं विसरून ताक घुसळायला उठते. ही युक्ती त्याला तिसऱ्या घरी सुचली.

शून्यानंतर

चव्वेचाळिसावा दिवस शून्याचा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हलकी डोकेदुखी, गोळीची गरज नाही. तिसऱ्या दिवशी चिडचिड, जी खोलीतल्या दोघांनी त्याच्या आधी ओळखली. आठव्या दिवसापासून नोंदीत लिहिण्यासारखं काही नाही. सकाळचं डोकं हलकं झालं, दुपारच्या लेक्चरला अजूनही पेंग येते पण मान कलंडत नाही. मेसच्या डाळभातानंतर तीन वाजता पेंग येणं हे कॅफीनविना माणसाचंही नैसर्गिक आहे, ते शून्यावर जाईल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. दिवसाला साठ-सत्तर रुपये वाचू लागले, त्यातले निम्मे केळी आणि दाण्यांवर गेले.

एंड-सेमच्या आधीच्या सबमिशनच्या रात्री एकदा घसरण झाली: ग्रुपच्या रिपोर्टसाठी अकराला एक कटिंग. तीन आठवड्यांपूर्वी जिने डोळाही उघडला नसता, तिने पहाटे तीनपर्यंत जागं ठेवलं आणि छाती धडधडली. संवेदनशीलता परत आल्याची ही खूण. घाबरण्यासारखं नाही, पण तेव्हा जुन्या सवयीने दोन चमचे कॉफी घालून घेऊ नये. एक कप झाला तर दुसऱ्या दिवशी शून्य, आणि सलग तिसरा दिवस होऊ द्यायचा नाही, असा नियम त्याने ठेवला. मोठे डोस सलग तीन दिवस गेले तरी सोडताना पुन्हा त्रास होऊ शकतो.

याच खोलीतल्या रूम पार्टनरने हेच वेळापत्रक घेतलं आणि सोबत सिगारेटही त्याच आठवड्यात सोडली, कारण चहा-सुट्टा जोडीनेच जातो असं त्याला वाटलं. त्याला पहिल्या पायरीवरच धडधड आणि हातांना कंप सुटला. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं कॅफीन जाळणारं विकर (एन्झाइम) जोरात चालतं. धूर बंद झाला की तेच कॅफीन जवळपास दुप्पट वेळ शरीरात राहतं, म्हणजे २९५ घेऊन त्याला पाचशे-सहाशे घेतल्यासारखं होत होतं. सिगारेट सोडणाऱ्याने त्याच आठवड्यात कॅफीन निम्म्यावर आणावं, किंवा आधी कॅफीन उतरवून मग सिगारेटकडे वळावं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही अर्धायुष्य असंच लांबतं. सिप्रोफ्लोक्सॅसिन हे प्रतिजैविक चालू असतानाही हेच होतं, त्यामुळे जुलाबासाठी ते घेणाऱ्या मुलांना नेहमीच्या दोन चहांनीही रात्री डोळा लागत नाही.

लिथियम किंवा क्लोझापिन ही मनोविकारांवरची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग परस्पर करू नये. कॅफीन कमी केल्यावर लिथियमची रक्तातली पातळी वाढते आणि क्लोझापिनची उतरते, तेव्हा औषध देणाऱ्या डॉक्टरांना तारखेसकट आधी सांगावं. तिसऱ्या आठवड्यातही डोकेदुखी टिकली, उलट्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले तर ते कॅफीनच्या खात्यावर टाकू नये. आणि ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी आलंय त्यांना सगळं सोडणं जमत नसेल तर निदान जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको, टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतं.

एंड-सेमच्या पहिल्या पेपरच्या सकाळी त्याच्या वहीत नोंद आहे: झोप ११.५० ते ५.५०, कोमट पाणी, उपमा दोन वाट्या, कॅफीन ०. खाली वेगळ्या पेनाने: काकांनी विचारलं, दूध गरम की गार.